मवाळ बटण, जहाल अंगठा

एका बटणावर लेख लिहावयाचा, आणि तोही भाषेच्या शिक्षकाने, हे ऐकून आमच्या काही सहकाऱ्यांना हसू आले. विज्ञानाचे शिक्षक शाळेत असताना ही उठाठेव आम्हांस कोणी सांगितली, असा प्रश्न एका पालकांनीही केला. त्याचे उत्तर असे की, या बटणापायी आमच्या हातून एका विद्यार्थिनीवर अन्याय घडला. तो आम्ही केला असल्यामुळे त्याविषयी बोलण्याचे कामही आमच्याचकडे येते. त्या निमित्ताने वर्षभर मुलांच्या संगतीत बसून आम्ही जे शिकलो, त्यावरून आमचे एक मत बनले आहे. ते पटो वा न पटो, वाचकांनी ऐकून घ्यावे.

खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातील खेड्यांतून आमच्या शाळेत मुले येतात. तिकडे पाऊस दांडगा. परंतु जांभ्या दगडात खोदलेल्या विहिरींचे पाणी पावसाळा सरला की झपाट्याने उतरू लागते. नववीच्या मुलांनी आठ विहिरींची पातळी दर आठवड्यास मोजावी, आणि तिच्यासोबत त्या विहिरीविषयी गावातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणीही लिहून आणाव्यात, असा उपक्रम आम्ही निबंधाच्या तासाला जोडून दिला होता. आरंभी गाठी मारलेली दोरी होती. पुढे मुलांनी एक यंत्र सिद्ध केले. त्यात एचसी-एसआर०४ नावाची, दोन डोळ्यांसारखी दिसणारी पट्टी असते. एक डोळा कानास ऐकू न येणारा ध्वनी सोडतो व दुसरा त्याचा प्रतिध्वनी ऐकतो. कठड्यापासून ३ मीटर खाली पाणी असेल तर ध्वनीला जाऊन परत यावयास सुमारे १७ मिलिसेकंद लागतात. हा हिशेब एक मायक्रोकंट्रोलर करतो. मायक्रोकंट्रोलर म्हणजे एका नखाएवढ्या चिपेत मावलेला लहानसा संगणक; मुलांच्या आर्डुइनोवर एटीमेगा ३२८पी ही चिप आहे. मोजलेली खोली तो पडद्यावर दाखवितो आणि वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीत लिहून ठेवतो. या यंत्राची मर्यादाही प्रांजळपणे सांगितली पाहिजे. पाणी ४ मीटरांखाली गेले की ते हात टेकते, आणि मे महिन्यात पुन्हा गाठींची दोरीच बाहेर काढावी लागते.

यंत्राला साधा सरकता खटका होता. इकडे सरकविला की चालू, तिकडे सरकविला की बंद. त्याचा पहिला त्रास असा झाला की मुले तो बंद करावयास विसरत. यंत्र सुमारे ५० मिलिअँपिअर प्रवाह खाते, आणि चौकोनी ९ व्होल्टांच्या बॅटरीत फार तर ५०० मिलिअँपिअर-तासांची शिदोरी असते. म्हणजे दहा तासांत कारभार आटोपला! शनिवारी दप्तरात चालू राहिलेले यंत्र सोमवारी निष्प्राण सापडावे, असे तीनदा झाले. परंतु तो केवळ पैशांचा प्रश्न होता. दुसरा प्रसंग निराळा आहे.

जानेवारीत एका विद्यार्थिनीने आणलेल्या तक्त्यात तिच्या वाडीच्या विहिरीचे पाणी कठड्यापासून अवघे ४ सेंटिमीटर खाली असल्याची नोंद होती. आदल्या आठवड्यात ते २५० सेंटिमीटर खाली होते. पावसाचा थेंब नसताना विहीर काठोकाठ भरावी कशी? विहिरीवर न जाता घरी बसून आकडा ठोकून दिला, असे आम्ही सर्व वर्गासमक्ष बोललो. मुलगी रडली नाही. "सर, यंत्रात होते तेच मी उतरविले," एवढेच म्हणाली. आम्ही ते मनावर घेतले नाही. त्या दिवसापासून तिने यंत्र हातात घेणे सोडून दिले.

दोन आठवड्यांनी तिच्याच वर्गातील एक मुलगा, जो एरवी निबंधाच्या तासाला खिडकीबाहेर पाहत असतो, एक कागद घेऊन आला. त्याने उलगडा केला तो असा. त्या स्मृतीच्या एका कप्प्यात २५५ पर्यंतचाच आकडा मावतो. त्याहून मोठी संख्या दोन कप्प्यांत वाटून लिहावी लागते: एका कप्प्यात २५६ चे किती गठ्ठे, आणि दुसऱ्यात उरलेले सुटे. आधीची नोंद २५० होती. म्हणजे गठ्ठे ०, सुटे २५०. त्या दिवशी खरी खोली २६० भरली असली पाहिजे. म्हणजे गठ्ठा १, सुटे ४. यंत्र प्रथम सुटे लिहिते व मग गठ्ठे. नोंद होत असल्याचे ठिपके पडद्यावर उमटावेत म्हणून मुलांनी दोहोंच्या मध्ये अर्ध्या सेकंदाचा विसावा ठेवला होता. नेमका त्याच विसाव्यात तिने खटका सरकविला. सुटे ४ नवे लिहिले गेले, गठ्ठे जुनेच शून्य राहिले. यंत्राने खोटे सांगितले नव्हते आणि मुलीनेही नाही. वाक्य अर्ध्यावर तोडले गेले होते आणि आम्ही त्या अर्ध्या वाक्यावरून न्याय दिला होता.

आम्ही दुसऱ्या दिवशी वर्गासमक्षच तिची क्षमा मागितली. ती एवढेच म्हणाली, "मग खटका बदलूया ना, सर."

जुन्या घरांतून दिवा 'विझव' असे म्हणत नसत. दिवा 'मालव' किंवा 'शांत कर' म्हणत. आमची मातृभाषा कोंकणी. तिच्यात आग 'पालोवतात', आणि त्या शब्दातही झाकून, सांभाळून शांत करण्याची छटा आमच्या कानाला ऐकू येते. सरकता खटका यंत्राला विझवितो. आम्हांस हवे होते ते मालविणारे बटण. दाबले की यंत्र जागे होईल. पुन्हा दाबले की हातातले काम पुरे करून, नोंद लिहून, मग स्वतःच स्वतःची वीज तोडील. आणि पाच मिनिटे कोणी विचारले नाही तर न सांगता झोपी जाईल. सरकत्या खटक्याला हे कधीच जमावयाचे नाही, कारण तो माणसाच्या बोटावाचून हलत नाही. अशा बटणाला इंग्रजीत 'सॉफ्ट' म्हणतात. मुलांनी त्याला 'मवाळ बटण' हे नाव दिले. इतिहासाच्या तासाला नुकताच मवाळ-जहालांचा पाठ झाला होता, त्याचा हा परिणाम असावा. जुना खटका साहजिकच 'जहाल' ठरला.

आता हे बटण करावयाचे कसे? आम्हांस समजले तसे सांगतो. बॅटरी आणि यंत्र यांच्या मध्ये एक मॉस्फेट बसवावयाचा. पी-जातीचा, आमचा आयआरएफ ९५४० आहे. त्याला आपोआप मिटणारे फाटक समजावे. एक लाख ओहमांचा रेझिस्टर ही त्या फाटकाची स्प्रिंग. ती त्याला सदैव मिटलेले ठेवते. बीसी ५४७ हा लहान ट्रान्झिस्टर म्हणजे फाटक ओढून उघडणारी दोरी. ही दोरी दोघांना ओढता येते. बटण दाबले असता बॅटरीची वीज दोरी ओढते, आणि जागा झालेला मायक्रोकंट्रोलरही आपल्या एका पायाने तीच दोरी ओढू शकतो. म्हणजे घडते असे: अंगठा फाटक उघडतो, वीज आत जाते, मायक्रोकंट्रोलर जागा होतो आणि पहिले काम म्हणून दोरी धरतो, अंगठा उचलला तरी फाटक उघडेच राहते. पुढे निजावयाचे ठरले की त्याने दोरी सोडावी, स्प्रिंग आपले काम करते. बटण दाबले आहे की नाही हे त्याला कळावे म्हणून ९ व्होल्टांचे दोन समान रेझिस्टरांनी निम्मे करून त्याच्या दुसऱ्या पायाशी नेले आहेत. पाच व्होल्टांवर चालणाऱ्या चिपेला थेट नऊ व्होल्ट पाजले तर ती कायमचीच निजेल.

कोणी विचारील, की चिप स्वतः झोपू शकते ना, मग फाटक कशाला? चिप झोपते हे खरेच आहे. गाढ झोपेत ती एका मायक्रोअँपिअरहूनही कमी प्रवाहावर राहते. परंतु तिच्यासोबतचा व्होल्टेज स्थिर राखणारा रेग्युलेटर आणि तो मिणमिणता लाल दिवा झोपत नाहीत. केवळ रेग्युलेटरने ५ मिलिअँपिअर खाल्ले तरी बॅटरी चार दिवसांत संपते. घरधनी निजला आणि स्वयंपाकघरात चूल पेटलेलीच राहिली, असा तो प्रकार आहे. फाटक असते तेव्हा त्यामागचे सगळेच मालवले जाते.

ही रचना कागदावर जेवढी सोपी दिसते तेवढी हातात सोपी निघाली नाही, आणि आमच्या मते शिक्षण झाले ते तेथेच. मुलांनी पहिल्या वेळी मॉस्फेटचे दोन पाय उलटे डागले. त्या जातीच्या मॉस्फेटात घडणीतच एक डायोड असतो. उलटे बसविले की वीज त्या चोरवाटेने बेलाशक आत जाते. यंत्र चालू झाले, पण बंदच होईना. दुसऱ्या वेळी ते बंद होऊ लागले, पण चालू झाल्याबरोबर! चालू करण्यासाठी अंगठा दाबलेला असतानाच मायक्रोकंट्रोलर जागा होई, बटण दाबलेले पाही आणि 'बंद करावयाची आज्ञा झाली' असे समजून निजे. मुले पोट धरून हसली. उपाय असा की, जागे झाल्यावर अंगठा एकदा उचलला गेल्याची खात्री करावी, आणि त्यानंतरच्या दाबण्याला आज्ञा मानावी. तिसरी अडचण बटणाच्या पत्र्याची. पत्रे एकमेकांवर टेकताना काही मिलिसेकंद थरथरतात, आणि एका दाबण्याची मायक्रोकंट्रोलर चार दाबणी मोजतो. म्हणून दाबणे दिसल्यावर २० मिलिसेकंद थांबून पुन्हा पाहावयाचे.

येथे भाषेच्या शिक्षकाचा थोडा उपयोग झाला, हे नमूद करावयास आम्हांस संकोच वाटत नाही. संगणकाची आज्ञावली लिहिण्यापूर्वी तिचे मराठी वाक्य लिहून दाखवा, असा आमचा आग्रह होता. मुलांचे पहिले वाक्य होते: "बटण दाबले की यंत्र बंद होते आणि नोंद होते." बंद झालेले यंत्र नोंद कशी करील? 'आणि' हे अव्यय क्रमाविषयी काहीच बोलत नाही. मग आम्ही फळ्यावर 'ऊन' प्रत्यय लिहिला. मराठीत जेवून, हात धुऊन, दिवा मालवून माणूस निजतो. त्या 'ऊन'मध्ये आधीचे काम संपल्यावाचून पुढचे सुरू होत नाही. दोन तासांच्या वादानंतर वाक्य झाले ते असे: "बटण दाबल्याचे ओळखून, चालू मोजणी पुरी करून, दोन्ही कप्पे लागोपाठ लिहून, लिहिलेले पुन्हा वाचून पाहून, पडदा मालवून, अंगठा उचलला जाईपर्यंत थांबून, मग यंत्राने दोरी सोडावी." आज्ञावली जवळजवळ याच क्रमाने उतरली. चिपेला एक कप्पा लिहावयास सुमारे ३.३ मिलिसेकंद लागतात. निरोप घेण्यासाठी यंत्राला मागावयाचा वेळ खरोखर एवढाच; मधला तो दिखाऊ विसावा मुलांनी आपण होऊन काढून टाकला. अंगठा उचलेपर्यंत का थांबावयाचे, हेही सांगितले पाहिजे. बटण दाबलेले आहे तोवर अंगठाही दोरी ओढीतच असतो; यंत्राने हात सोडला तरी फाटक मिटत नाही, आणि अर्धवट जागे राहून ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

येथवर सगळे मवाळांच्या बाजूने चालले होते. फेब्रुवारीत आमचे मत फिरले.

तीच विद्यार्थिनी, तीच विहीर. यंत्र चालू केले, पडद्यावर 'मोजत आहे' ही अक्षरे आली आणि तेथेच थांबली. तिने बटण दाबले, काही नाही. दहादा दाबले, काही नाही. बॅटरीची पेटी चार स्क्रूंनी बंद केलेली, आणि विहिरीवर स्क्रूड्रायव्हर कोठला? यंत्र जळते की काय या धास्तीने ती ते हातात धरून दोन मैल चालत शाळेत आली. दोष क्षुल्लक होता. ध्वनीच्या पट्टीची एक तार दप्तरात सैल झाली होती. आज्ञावलीत मुलांनी लिहिले होते, "प्रतिध्वनी येईपर्यंत थांब." तार सुटल्यामुळे प्रतिध्वनी येणे नव्हते, आणि यंत्र आज्ञाधारकपणे थांबले होते. प्रतिध्वनीची वाट पाहण्यात गुंतल्यामुळे त्याला बटणाकडे पाहावयास सवड नव्हती, आणि दोरी तर त्याने घट्ट धरून ठेवलेली! बटण होते, पण ते केवळ अर्ज करण्याचे साधन होते. आणि अर्ज वाचणारा अधिकारी गुंग होऊन बसला होता.

वाट पाहण्यास मुदत घालून ती चूक सुधारता येते, आणि मुलांनी ती तशी सुधारलीही. परंतु पुढची चूक कोणती असेल ते आज कोणास ठाऊक? म्हणून आमचे मत असे की, यंत्राला निरोप घेण्यापुरता अवकाश अवश्य द्यावा, पण नकाराधिकार कदापि देऊ नये. आणि ही शेवटची सत्ता आज्ञावलीच्या शब्दांवर न सोपविता तारांत आणि तांब्यात डागून ठेवावी. जी चिप गुंग झाली आहे, तिलाच 'तू गुंग झालीस तर बंद हो' असे सांगण्यात काय हशील?

हे शहाणपण आमचे स्वतःचे नव्हे. घरगुती संगणकांचा इतिहास पाहिला तर तीच वाट दिसते. पूर्वीच्या संगणकांना खट्कन आवाज करणारा, थेट वीज तोडणारा जाड खटका असे. विंडोज ९५च्या काळी काम आवरल्यावर काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरांत, आता संगणक बंद करण्यास हरकत नाही, अशा अर्थाचा संदेश येई आणि मग माणूस खटका ओढी. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स ही रचना प्रसिद्ध केली. तीत पुढचे बटण वीज न तोडता केवळ सूचना देऊ लागले, आणि ती सूचना ऐकण्यासाठी ५ व्होल्टांची एक लहान धार सदैव जागी ठेवण्यात आली. परंतु हे मवाळ बटण आणणाऱ्यांनीच पुढे असा नेम घातला की, बटण चार सेकंदांहून अधिक दाबून धरले तर संगणकाच्या आज्ञावलीची संमती असो वा नसो, वीज गेलीच पाहिजे. अडून बसलेला संगणक आपण सर्वांनी असाच वठणीवर आणलेला आहे. त्या चार सेकंदांमागे एवढा विचार आहे हे आम्हांस ठाऊक नव्हते.

मुलांनी आपल्या यंत्राला तशीच तजवीज केली. बटणाची वीज ४७० किलोओहमांच्या रेझिस्टरातून २२ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये सोडली. कपॅसिटर हे विजेचे मडके. बारीक धारेने ते हळूहळू भरते. सुमारे तीन सेकंदांत ते पुरेसे भरले की २एन७००० नावाचा दुसरा लहानसा मॉस्फेट जागा होतो आणि फाटकाची दोरी थेट जमिनीला बांधून टाकतो. मग अंगठा ओढो की मायक्रोकंट्रोलर ओढो, दोरी हलत नाही आणि फाटक मिटते. यात आज्ञावलीचा एक शब्दही नाही. बॅटरी उतरलेली असली तर मडके भरावयास थोडा अधिक वेळ लागतो. आणि असे सक्तीने बंद केल्यावर मडके रिते होईपर्यंत यंत्र पुन्हा चालू होत नाही, म्हणून दहा-वीस सेकंद थांबावे लागे. एक डायोड जोडून मडके लवकर रिते करण्याची तोड मुलांनी पुढे काढली. यंत्राच्या पाठीवर आता कागद चिकटविला आहे: "एक मोजेपर्यंत दाबा, चालू होईल. पुन्हा दाबून सोडा, नोंद करून बंद होईल. अडून बसले तर पाच मोजेपर्यंत दाबून धरा." अक्षर त्या विद्यार्थिनीचे आहे.

आमच्या एका सहकाऱ्यांचे म्हणणे असे की, दोन रुपयांच्या खटक्याने जे काम होते त्यासाठी तीस-चाळीस रुपयांचे सुटे भाग आणि दीड महिना घालविणे ही चैन आहे. दुसऱ्यांचे म्हणणे, असे बटण तयार पट्टीवर विकत मिळते, ते आणून जोडावे. पहिल्यांना आमचे उत्तर त्या ४ सेंटिमीटरांच्या नोंदीत आहे. दुसऱ्यांचे म्हणणे खरे आहे. तयार पट्ट्या मिळतात, आणि त्यांपैकी पुष्कळशा चांगल्या असतात. परंतु विकत आणलेली पट्टी अडली असता बटण का ऐकत नाही, हे त्या मुलीला विहिरीच्या काठावर कळले नसते. आज तिला ते कळते, आणि धाकट्या वर्गातील मुलांना ती ते समजावूनही देते.

आणखी एक तक्रार आहे, ती मात्र मोठ्या कारखानदारांविषयी. 'बंद' या शब्दाला आता अर्थ उरलेला नाही. यंत्रांवरील खुणा पाहाव्यात. पूर्ण वर्तुळात उभी रेघ म्हणजे एकाच बटणाने चालू आणि खरोखर बंद. तुटलेल्या वर्तुळात घुसलेली रेघ म्हणजे यंत्र वरवर निजलेले, आतून जागे. आंतरराष्ट्रीय संकेतांत हा भेद स्पष्ट होता. २००४ मध्ये आयईईईच्या एका प्रमाणाने तुटलेल्या वर्तुळालाच सरसकट 'वीज' असा अर्थ दिला. लोकांस दोन खुणांचा घोटाळा होई, हे त्याचे कारण. कारण समजते, तरीही एक उपयोगी भेद पुसला गेला याचे आम्हांस वाईट वाटते. युरोपात २००८ साली नियम झाला आणि २०१३ पासून 'बंद' घरगुती यंत्राने अर्ध्या वॅटाहून अधिक वीज खाऊ नये असे ठरले. अर्धा वॅट म्हणजे काय? वर्षाकाठी सुमारे सव्वाचार युनिट, आणि तेही काही न करता! मुलांच्या यंत्राचा मिटलेल्या फाटकातून झिरपणारा प्रवाह आम्ही मल्टिमीटरच्या मायक्रोअँपिअरच्या पट्ट्यावर मोजून पाहिला. काटेकोर मोजता येण्याजोगे काहीच सापडले नाही. नववीच्या मुलांना डाग देऊन जे साधते, ते मोठमोठ्या दूरदर्शन संचांना का साधू नये, असा प्रश्न त्यांनी विचारला. संच दूरच्या बटणाची हाक ऐकण्यासाठी जागा राहतो, हे त्याचे उत्तर मुलांना ठाऊक होते. तरीही "ज्याला हाक मारायची नसेल त्याच्यासाठी पाठीमागे एक जहाल खटका ठेवावा," असे एकाने सुचविले. ही सूचना आम्ही जशीच्या तशी येथे छापीत आहोत.

हे यंत्र आता तिसऱ्या घडणीत आहे. जूनमध्ये पहिला पाऊस पडल्यावर मुले ते पुन्हा विहिरींवर नेऊ लागली. गेल्या महिन्यात एका मुलाने ते दप्तरात टाकले आणि वर कंपासपेटी ठेवली; पेटीचा कोपरा बरोबर बटणावर रुतून बसला. शनिवार, रविवार, दोन्ही दिवस बटण दाबलेलेच! सोमवारी बॅटरी गेली असणार या समजुतीने त्याने भीत भीत पेटी उचलली, थोडे थांबून बटण दाबले, आणि पडदा उजळला. कंपासपेटीने यंत्र चालू केले होते, आणि पाच मोजेपर्यंत तिनेच ते सक्तीने बंदही केले होते. मडक्याची योजना करताना ही गोष्ट कोणाच्याही ध्यानीमनी नव्हती. आता मात्र वर्गातील निम्मी मुले छातीठोकपणे सांगतात की, ती त्यांनी आधीच योजून ठेवली होती. बटणाभोवती बाटलीच्या झाकणाचे कडे बसवावे की नाही, यावर दोन तट पडले असून वाद अद्याप चालू आहे. झाकण मात्र त्या विद्यार्थिनीने आणून ठेवले आहे.